वारसाहक्काने आलेल्या जमिनीतील जुने मातीचे पूरनियंत्रण धरण : मालक कोण, आणि आधी काय करावे?

नमस्कार. माझ्याकडे वारसाहक्काने आलेल्या जमिनीत सुमारे सात मीटर उंचीचे मातीचे धरण आहे. त्याविषयी स्थापत्य आणि कायदा या दोन्ही बाजूंच्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. साठ वर्षांपूर्वी खालच्या वस्तीला पुरापासून वाचवण्यासाठी एका सरकारी खात्याने ते बांधले. त्या वेळी जमीन विकत न घेता केवळ पाणी साठू देण्याचा हक्क लिहून घेतला आणि देखभाल लाभधारकांच्या मंडळाकडे सोपवली. ते मंडळ आता कागदावरही उरलेले नाही. जमीन ज्याची, धरण त्याचे, असे खाते तोंडी सांगते. लेखी मात्र कोणी देत नाही.

हे धरण बहुतांश काळ कोरडे असते आणि मला भीती त्याचीच वाटते. पाणी कायम असलेल्या धरणाची गळती रोज डोळ्यांसमोर असते. कोरड्या भरावाला उन्हाने भेगा पडतात आणि त्यांची परीक्षा थेट पुराच्या दिवशी होते. मागच्या मोठ्या पावसात पाणी निम्म्यापर्यंत चढले, तेव्हा विमोचकाच्या (धरणातले पाणी खाली सोडणाऱ्या वाटेच्या) गंजलेल्या नळाच्या बाहेरच्या अंगाने बोटभर धार येताना दिसली. ते पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवले, तर सकाळी तळाशी बारीक मातीचा थर बसलेला होता. मातीच्या धरणात स्वच्छ झिरपा चालतो, माती घेऊन येणारा नाही, एवढे मला कळते. १९७६ मध्ये अमेरिकेतील टीटन या मातीच्या धरणावर ५ जूनच्या सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटले. ते धरण कितीतरी मोठे होते आणि प्रथमच भरत होते, तरी आतून माती वाहून जाण्याची क्रिया तीच.

सांडव्याच्या तोंडावर शेजाऱ्यांचे कुंपण आहे. त्यात पालापाचोळा अडकतो. भरावावर मोठी झाडे आहेत. ती तोडली तर मुळे कुजून पोकळ्या राहतील, ठेवली तर वादळात उन्मळतील. शिवाय धरणाखाली, पूर्वी मोकळ्या असलेल्या जागेत, आता घरे आहेत. धरण तेवढेच असले तरी धोक्याची वर्गवारी खाली कोण राहते यावर ठरते.

इंग्लंडमधील १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात, साठवलेले पाणी निसटल्यास निष्काळजीपणा सिद्ध न होताही साठवणाऱ्यावर दायित्व येते, असे ठरले. मी तर काहीच साठवले नाही. मग आयता वारसा मिळालेल्याला हे तत्त्व कितपत लागू होते? खात्याने लिहून घेतलेल्या हक्कासोबत देखभालीचे कर्तव्यही त्याच्याकडेच राहते का? नळाची दुरुस्ती मी स्वखर्चाने केली, तर ती मालकी मान्य केल्याची खूण ठरेल का? भराव कापून धरण कायमचे निकामी करावे, असे एका परिचितांनी सुचवले. पण त्यानंतर खाली पूर आला तर त्याचा जाब मलाच द्यावा लागेल, असे वाटते.

आधी वकिलांकडे जावे की धरण अभियंत्याकडे, हे कृपया सांगावे. तोवर कुंपणाबाबत शेजाऱ्यांशी बोलतो आहे आणि खालच्या घरांना गळतीची कल्पना दिली आहे. बांधकामाचा मूळ नकाशा व नळाची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. ती येथे देऊ शकेन.