बाइंड का रिबाइंड? डोळे झाकून रिबाइंड लिहू नका

होटगी_रोड: काल इथं नव्या पोरांना सल्ला मिळाला, "आरएमआयमध्ये सरळ रिबाइंड लिहा, ऑलरेडीबाउंडएक्सेप्शनची कटकट संपते." राहवलं नाही म्हणून लिहितोय. आरएमआय म्हणजे जावात एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड कॉल करायची सोय. सर्व्हर आपला ऑब्जेक्ट एका नावानं रजिस्ट्रीत, म्हणजे नावांच्या नोंदवहीत टाकतो, क्लायंट त्या नावानं लुकअप करून तो शोधतो. नाव आधीच घेतलेलं असेल तर बाइंड ऑलरेडीबाउंडएक्सेप्शन देऊन थांबतं, रिबाइंड मात्र आधीच्या ऑब्जेक्टचं नाव गुपचूप काढून घेतं. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात आमचा सर्व्हर 'साठा' नावानं चालायचा. एकानं त्याच मशीनवर चाचणीचा सर्व्हर त्याच नावानं चढवला. त्यानंतर ज्या क्लायंटनी लुकअप केलं, त्यांच्या नोंदी चाचणीच्या डेटाबेसात गेल्या. आधीपासून चालू असलेले जुना स्टब (लुकअपमध्ये मिळालेला, सर्व्हरचा पत्ता असलेला ऑब्जेक्ट) धरून नीट चालत होते, म्हणून संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताच नाही. गेटपासवर गाठी एक, पडद्यावर भलत्याच!

जुळे_सोलापूर: सल्ला माझाच. रजिस्ट्री वेगळ्या प्रोसेसमध्ये असली तर सर्व्हर मेल्यावरही नाव तसंच राहतं. लुकअप होतं, कॉल केला की कनेक्शन रिफ्यूज्ड. स्क्रिप्टनं सर्व्हर उठवला तरी बाइंड अडकणार. रात्री दोनला ते नाव काढायला, अनबाइंड करायला तुम्ही येणार का?

सात_रस्ता: पोरांना कळणार कुठून? कॉलेजात सगळं एकाच पीसीवर, लोकलहोस्टवर. उबुंटूच्या दोन मशीनवर टाकलं की स्टबमध्ये 127.0.1.1, म्हणजे 'हेच मशीन' असा पत्ता जातो आणि क्लायंट स्वतःच्याच मशीनवर सर्व्हर शोधत बसतो. रजिस्ट्रीचा 1099 पोर्ट उघडला तरी ऑब्जेक्टचा पोर्ट वेगळा, तो फायरवॉलला अडतो. यातलं काही कुणी दाखवत नाही, जर्नल मात्र वेळेत पाहिजे.

जुळे_सोलापूर: जर्नलचा इथं काय संबंध?

विजापूर_वेस: आहे संबंध. दोन पीसी जोडून द्या म्हटलं तर "सिलॅबसमध्ये नाही" ऐकलंय मी. पुण्यात मुलाखतीला नेमकं तेच विचारलं.

होटगी_रोड: सारखं पुणं पुणं काय बे? घरी दोन लॅपटॉप जोडून बघायचे.

विजापूर_वेस: माझे वडील यंत्रमागावर होते. घरात एक लॅपटॉप नव्हता, दोन कुठले आणू? बोलताना जरा बघा.

होटगी_रोड: बरं, लॅबनं द्यायला हवं, मान्य. पण रात्री दोनच्या प्रश्नाला उत्तर आहे. सर्व्हरच्याच जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) क्रिएटरजिस्ट्री करा, म्हणजे रजिस्ट्री तिथंच सुरू करा. सर्व्हर मेला की रजिस्ट्रीही जाते, शिळं नाव उरत नाही, बाइंड बिनधास्त चालतं. दुसरा कुणी तसाच सर्व्हर चढवायला गेला तर 1099 आधीच धरलेला, तो जागीच पडतो.

जुळे_सोलापूर: एकच सेवा असेल तिथं चालेल. आमच्या एका रजिस्ट्रीवर चार सेवा आहेत, तिथं मी रिबाइंडच लिहिणार. चाचणीच्या सर्व्हरला मात्र वेगळं नाव आणि वेगळा पोर्ट सक्तीचा करतो. याहून जास्त माझ्याकडून मान्य होणार नाही.