मदत हवी आहे: सीए १९-९ वाढलंय, पण कावीळही आहे

मामांना (वय ६४) कावीळ झाली. बिलिरुबिन ११, सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी बघतात तो रक्तातला मार्कर) आलं ४१०; नॉर्मल ३७ पर्यंत. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याकडे सूज आहे, गाठ स्पष्ट दिसत नाही. घरच्यांनी आकडा बघून कॅन्सरच ठरवून टाकलाय, मामी तर जेवतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, पित्तनलिका तुंबली की हा मार्कर कॅन्सर नसतानाही चढतो. उलट लुईस अँटिजेन (रक्तगटासारखा एक जन्मजात घटक) नसलेल्यांत कॅन्सर असूनही वाढत नाही.

आता पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी नळी) टाकलाय, कावीळ उतरल्यावर मार्कर पुन्हा करायचाय. कुणाकडे असं झालं होतं का? स्टेंटनंतर आकडा कितपत उतरला? एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करून बायोप्सी आत्ताच घ्यावी, की थांबावं? आयजीजी ४ (रक्तातली एक अँटिबॉडी) सुद्धा करायला सांगितलंय, ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे आलेली सूज नाही ना हे बघायला. तो अनुभव कुणाला असेल तर प्लीज लिहा.