लोलक म्हणावं का? (ग्रीक सोन्याचे शब्द)

दौत: ग्रीक दागिन्यांविषयीच्या मजकुराचं भाषांतर करतेय, तिथे अडलेय. क्रिमियात केर्चजवळच्या कुल-ओबा टेकाडात १८३० साली दागिन्यांचा एक जोड सापडला. इ.स.पू. चौथं शतक, आता रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. सोन्याच्या चकतीवर अथीना देवीचा मुखवटा उठवलाय, शिरस्त्राणावर स्फिंक्स आणि पंखवाले घोडे, खाली साखळ्यांची जाळी. हा जोड कानात घालायचा नाही, कानशिलांवर लोंबायचा. मी 'लोलक' लिहिलं. संपादक म्हणतात, लोलक म्हणजे प्रिझम. शिवाय ग्रीक सोन्यावर बारीक दाणे बसवतात, त्या कामाला काय म्हणू?

आडवाट: लोलकच ठेवा. आजीच्या कुड्यांना मोत्याचे लोलक होते. प्रकाशाच्या धड्यात तो शब्द मागाहून आला.

तत्सम: कानशील म्हणजे संस्कृतात शंख. 'शंखलंबक' नेमका होईल. दाण्यांसाठी 'कणिकाकर्म'.

आडवाट: शंखलंबक वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे अथीना येईल?

मूस: आमच्या घरी सोनारकाम आहे. त्या दाण्यांना रवा म्हणतात, कामाला रवाकाम. अवघड असतं, डाक, म्हणजे सांधायचा वितळता धातू, जरा जास्त झाला की रवे बुडतात. जुने कारागीर तांब्याचं खनिज डिंकात कालवून रवे चिकटवत. तापवलं की डिंक जळतो आणि तांबं सांध्यापुरतंच सोन्यात उतरतं. त्या खनिजाला ग्रीक शब्द ख्रुसोकोल्ला, म्हणजे सोन्याचा डिंक.

पिंपळपान: हा तर आपला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स! टाका घालतो तो टाकण.

मूस: नाही हो. टाकणखारात तांबं नसतं. तो सांधा स्वच्छ ठेवतो, डाक वाहू देतो.

तत्सम: आणि टाकण आलं संस्कृत टंकणावरून. शिवणीच्या टाक्याशी संबंध नाही.

पिंपळपान: धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'टकि बन्धने' आहे. बांधणं, जोडणं. मग टाका आणि टंकण एकाच घरचे का नसावेत?

तत्सम: अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही.

आडवाट: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली ग्रीक कर्णभूषणं पाहिलीत? गरुडरूपी देवराज झ्यूस गॅनिमीड नावाच्या तरुणाला उचलून नेतोय, सगळं कानाखाली लोंबतं. त्यांनाही मी लोलकच म्हणेन.

दौत: रवाकाम घेतलं, आभार. पण कानशिलावरच्या जोडाचं काय?

पिंपळपान: तत्सम, मग टंकसाळेतला टंक कुठला?

तत्सम: तो नाण्याचा टंक. तिसराच शब्द.