सोलारियमबंदी: ‘आपल्याला काय त्याचं?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

यारातीर (मेलबर्न)

परवा ‘ऑस्ट्रेलियात स्थायिक होताना’ या धाग्यावर न्यूजर्सीकर यांनी जाता जाता पिंक टाकली: “१८ वर्षांच्या माणसाला दारू चालते, सिगारेट चालते, पण दिव्याखाली आडवं व्हायला बंदी. हा देश आहे की बालवाडी? आणि आपल्याला काय त्याचं? गोऱ्यांची दुखणी गोऱ्यांना लखलाभ.” तिथेच उत्तर दिलं असतं तर व्हिसाचे प्रश्न विचारणारे चिडले असते, म्हणून वेगळा धागा. (सोलारियम म्हणजे कातडी रापवायला, म्हणजे ‘टॅन’ करायला, अतिनील (यूव्ही) दिव्यांच्या बेडवर झोपायची दुकानं. इथे ती बंद केलीत.)

२००७ मध्ये मी इथे नवी होते, बाळंतपण नुकतंच झालेलं. रात्री पोराला पाजताना टीव्ही चालू असायचा आणि त्यावर क्लेअर ऑलिव्हर दिसायची. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा जीवघेणा कॅन्सर, झालेली पंचविशीची मुलगी. २६वा वाढदिवस गाठायचा एवढंच तिने ठरवलं होतं. तो गाठला आणि सप्टेंबरात गेली. जाईपर्यंत एकच सांगत होती: टॅनसाठी सोलारियमच्या नादी लागू नका.

पुढच्या वर्षी व्हिक्टोरियात नियम कडक झाले, पण दुकानं बंद व्हायला १ जानेवारी २०१५ उजाडलं. ब्राझीलने २००९ मध्येच बंदी घातली होती. मधल्या सात वर्षांत पेशंटच्या घरचे, डॉक्टर, कॅन्सर कौन्सिलची माणसं आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्या बायका आमदारांना पत्रं लिहीत होत्या. माझ्या पत्राला छापील उत्तर आलं. पण आलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये या बेडना पहिल्या गटात (कॅन्सर होतो हे नक्की ठरलेल्या गोष्टींच्या) टाकलं, तंबाखूच्या पंगतीत. पस्तिशीच्या आत सुरुवात केली तर मेलॅनोमाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांच्या अभ्यासात निघालं होतं. दिवाच तो, म्हणे!

न्यूजर्सीकर

पिंक नव्हती, मत होतं. असो.

त्याच पहिल्या गटात दारू आहे, २०१५ पासून सॉसेज आणि बेकनही आहे. खुद्द सूर्यप्रकाश आहे. सूर्यावर बंदी कधी? आणि ते ७५ टक्के भिंतीवर लावायला छान. मूळ धोका समजा शंभरात दोन असेल तर तो साडेतीन झाला. हे असं सांगितलं की कोणी घाबरत नाही, म्हणून सांगत नाहीत.

एका मुलीच्या दुःखद मरणावरून धंदे बंद करायचे हा भावनिक कायदा झाला. आमच्याकडेही तेच. २०१२ मध्ये एका बाईवर पाच वर्षांच्या मुलीला टॅनिंग बूथमध्ये नेल्याचा आरोप झाला, टीव्हीवाल्यांनी महिनाभर दळण दळलं. ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांनी) खटला भरायलाच नकार दिला, तरी २०१३ मध्ये १७ च्या आतल्यांवर बंदी आलीच. वर २०१० पासून टॅनिंगवर दहा टक्के केंद्राचा कर.

आणि हो, मी स्वतः झोपलोय त्या बेडवर. जिमच्या वर्गणीत फुकट होतं, थंडीत पाठ शेकून निघेल म्हटलं. काउंटरवरची पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. दहा मिनिटं छान ऊब मिळाली. जिवंत आहे.

लीड्सकर

फुकट मिळालं की आपला माणूस कुठेही झोपतो, हे यावरून सिद्ध झालं.

त्वचावैद्य (पुणे)

न्यूजर्सीकर, गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. त्यामुळे सॉसेजचा तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. तो यारातीर यांच्या ‘तंबाखूच्या पंगतीत’लाही लागू होतो.

पण ‘शंभरात साडेतीन’ इतकं हलक्यात घेऊ नका. तो वाढलेला दीड ज्या घरात येतो तिथे तिशीतलं माणूस असतं. आणि ऊब म्हणजे सूर्याची ऊब नव्हे. अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे प्रकार असतात. या बेडमधून मुख्यतः यूव्हीए निघतो, कित्येक बेडमध्ये भर दुपारच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त. ‘ड’ जीवनसत्त्वाला लागतो यूव्हीबी. तेव्हा ‘डी वाढतं’ हे कारण कोणी पुढे करणार असेल तर आधीच थांबा.

न्यूजर्सीकर

करणारच होतो. बरं, मग तुम्ही लोक सोरायसिसच्या पेशंटला दिव्याच्या पेटीत उभं करता ते काय? माझ्या मेहुण्याला पुण्यातच आठवड्यातून तीनदा केलं होतं.

त्वचावैद्य (पुणे)

ती ३११ नॅनोमीटरची पेटी. डोस मोजून, वाढवत वाढवत, डोळ्यांवर चष्मा लावून, वहीत नोंद करून. तुमच्या जिममधल्या पोरीने तुमची स्किन टाइप विचारली होती का?

कोकणी_फणस

मला या सगळ्याचं हसू येतंय. तिकडे काळं व्हायला पैसे मोजतात आणि इकडे माझ्या आईने माझ्या तोंडाला डाळीचं पीठ फासण्यात दहा वर्षं घालवली. स्थळ बघायला आलेली बाई माझ्यासमोर म्हणाली, “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.” तो ‘पण’ मी अजून विसरलेले नाही. १९७५ मध्ये आलेल्या त्या गोऱ्या क्रीमने २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ लावलं. झालं, वर्णद्वेष संपला!

सासवडची_सून

फणस, +१. माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न: “रंग कोणावर गेलाय?” वजन नंतर.

घाटावरचा

अवांतर आहे, पण बायकाच बायकांना हे करतात. पुरुषांना रंगाचं काही पडलेलं नसतं.

कोकणी_फणस

घाटावरचा, जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ कोण लिहितं? तुमच्या आईने लिहिलं असेल, फोन नंबर तुमचा होता ना?

घाटावरचा

व्यक्तिगत होऊ नका. माझी बायको सावळी आहे.

सासवडची_सून

“माझी बायको सावळी आहे” हे वाक्य तिला वाचून दाखवा आणि काय झालं ते इथे लिहा.

निशिगंध

मी एरवी नुसतं वाचते, पण हे सांगावंसं वाटलं. लग्नाआधी पार्लरमधल्या बाईने बिनलेबलची डबी दिली, ‘फॉर्म्युला क्रीम’ म्हणून. तीन आठवड्यांत चेहरा उजळला, सगळे विचारायला लागले. दीड वर्ष लावली. बंद केली की आग, पुन्हा लावली की बरं. शेवटी गालावर लाल शिरा, हनुवटीवर केस आणि ऊन लागलं की भाजल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं, आत स्टेरॉइड होतं. आज सात वर्षं झाली, मी एप्रिल-मेमध्ये छत्रीशिवाय बाहेर पडत नाही. बेडखाली न झोपताही ऊन नशिबी नाही.

त्वचावैद्य (पुणे)

निशिगंध, माझी अर्धी ओपीडी ही आहे. यावर मी धागाच्या धागा लिहीन. स्टेरॉइडची बरीच मलमं २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरलं. मिळत नाहीत का? कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे ‘खाजेचं मलम’ म्हणा, देतो. पेशंट तेच मलम चेहऱ्याला लावतो आणि बहिणीलाही देतो. टॅनिंग बेड आपल्याकडे क्वचित दिसतो. आपला सोलारियम ही डबी आहे.

न्यूजर्सीकर

धन्यवाद डॉक्टर. म्हणजे ‘आपल्याला काय त्याचं’ हेच मी म्हणत होतो!

यारातीर (मेलबर्न)

नाही, हे नाही. संक्रांतीच्या पिकनिकला आमच्या मंडळाची दीडशे माणसं बागेत होती. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांचं माप) ११ च्या वर. शाळेत ‘टोपी नाही तर खेळ नाही’ असा नियम, तरी तिथे निम्मी पोरं उघड्या डोक्याने. मी टेबलावर सनस्क्रीन आणि टोप्या मांडल्या तर एक काकू म्हणाल्या, “बरं केलंस गं, काळी पडतात पोरी.” मुलग्यांना लावायला एकही आई आली नाही! मुलगे काळे पडले तर चालतं ना. हे फणस यांचं अवांतर नाहीच, हाच मूळ मुद्दा आहे.

आणि मेलॅनोमा आपल्यालाही होतो. तळपायाला, नखाखाली.

न्यूजर्सीकर

होतो ना. बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला, छत्तिसाव्या वर्षी, पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलॅनोमा. तो कुठल्या सोलारियममध्ये जायचा? तळपायाला ऊन कधी लागतं? तुमचं हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातं.

त्वचावैद्य (पुणे)

इथे न्यूजर्सीकर बरोबर आहेत, लिहिताना बोटं दुखताहेत. त्या प्रकाराचा उन्हाशी किंवा दिव्याशी संबंध दिसत नाही. सनस्क्रीनने तो टळत नाही, लवकर पाहिला तरच उपयोग. आमच्याकडे येतो तेव्हा कोणीतरी पायाचं कुरूप समजून दोनदा कापलेलं असतं.

यारातीर (मेलबर्न)

ठीक. ते उदाहरण मागे घेते. टोपी मागे घेत नाही.

लीड्सकर

इतका वेळ चेष्टा करत होतो, आता खरं सांगतो. इंग्लंडमध्ये २०११ पासून १८ च्या आतल्यांना सनबेडची मनाई आहे. माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या पार्टीच्या तयारीत. मैत्रिणींची टोळी एका दुकानात गेली, वय कोणी विचारलं नाही. माझी बाहेर बाकावर बसून राहिली. घरी आल्यावर बायको म्हणाली, “शहाणी माझी, आधीच किती काळवंडलीयस.” पोरगी उखडली. “आई, तू मला आयुष्यभर उन्हात जाऊ नको म्हणालीस ते काळी होईन म्हणून. त्या सगळ्या आत जळत होत्या त्याबद्दल तुला काहीच म्हणायचं नाही?” त्या दिवशी आमच्या घरी जेवण झालं नाही.

तिने नंतर इथल्या स्थानिक कौन्सिलला (नगरपालिकेला) तक्रार लिहिली त्या दुकानाची. मैत्रिणींनी महिनाभर अबोला धरला. त्यातली एक पुढे नर्स झाली, ती अजून तिला ‘इन्स्पेक्टर’ म्हणते.

न्यूजर्सीकर

दुकानाने वय विचारलं नाही, म्हणजे कायदा असून उपयोग काय? ऑस्ट्रेलियातही बंदीनंतर बेड लोकांच्या गॅरेजमध्ये गेल्याच्या बातम्या होत्या.

यारातीर (मेलबर्न)

गेले. थोडे. शॉपिंग सेंटरमधून, शाळेच्या वाटेवरून तर गेले ना. लपून करावं लागतं तेव्हा सोळा वर्षांच्या पोरी टोळीने जात नाहीत.

न्यूजर्सीकर

१८ च्या आत बंदी: मान्य. हे आधीही मान्यच होतं, कोणी विचारलं नाही. मोठ्या माणसाला मात्र फलक लावा, सही घ्या, कर घ्या आणि सोडा. माझं मत तेच. जिमची वर्गणी मी बंद केलीय, पण ती गुडघ्यामुळे.

घाटावरचा

बायकोला वाचून दाखवलं. आजचा स्वयंपाक मी करतोय.