मदत हवी आहे : उपचार नीट चाललेत, पण जाऊबाई गप्प झाल्यात (नागपूर)

तर्री :

नमस्कार. मी इथे कायम वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सक्करदऱ्याकडे राहतो. सासूबाई, भासरे, जाऊबाई, त्यांची लेक आणि आम्ही तिघं, सगळे एकाच घरात. जाऊबाईंना मी ताईच म्हणते. वय ४६. उन्हाळ्यात आंघोळ करताना त्यांना डावीकडे गाठ लागली. मॅमोग्राफी, बायॉप्सी सगळं झालं, ब्रेस्ट कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्तन वाचवून फक्त गाठ काढायचा आणि मग रेडिएशन द्यायचा पर्याय सांगितला होता. जिवाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, हेही समजावलं. पण ताई वाक्य संपायच्या आत म्हणाल्या, "काढूनच टाका." लाल औषधाचे चार केमो झाले, आता दर आठवड्याचे चालू आहेत, पुढे काही वर्षं हार्मोनच्या गोळ्या. डॉक्टर समाधानी आहेत.

प्रश्न घरातला आहे. पुतणीचं अमरावतीचं स्थळ जमलंय, दिवाळीनंतर साक्षगंध. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पोरीचं साक्षगंध होऊ द्या, मंग सांगू. तोवर कोणाले काही बोलू नोका." आईला हा आजार म्हटलं की लोक मुलीकडे बोट दाखवतात, ही त्यांची भीती. त्या वाईट नाहीत हो, ताईंचं पथ्यपाणी त्याच बघतात. पण नातेवाइकांना आम्ही पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलंय, आणि कोणी आलं की ताई विग घालून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसतात.

महालक्ष्म्यांना तर कमाल झाली. आमच्याकडे पुरण आणि आंबील दरवर्षी ताईंच्या हातची. यंदा पांढऱ्या पेशी कमी होत्या, डॉक्टरांनी गर्दी टाळा म्हटलं होतं, म्हणून त्या आतल्या खोलीत. बाहेर जेवणाच्या पंगती, जो तो विचारतोय थोरली कुठं आहे, आणि सासूबाई सांगतायत, ताप आहे. मी ताट घेऊन आत गेले तर म्हणाल्या, "माझ्या हातचं सगळं काढून घेतलं तुम्ही. आता महालक्ष्म्याही?" त्यानंतर जवळपास बोलणंच बंद. विचारलं की "बरी आहे" एवढंच.

केस जायला लागले तेव्हा त्यांनी तेलाची नवीन बाटली माझ्या कपाटात आणून ठेवली. म्हणाल्या, "तू वापर, उगाच खराब होईल." चेहऱ्यावर काही नाही. केमोच्या आधी भासरे हॉलमध्ये झोपायला लागले, रात्री तिला धक्का लागू नये म्हणून. टाके कधीचे सुकलेत, गादी अजून हॉलमध्येच आहे.

रिपोर्ट सगळे विचारतात. हिमोग्लोबिन किती, सलाइन किती वेळ चाललं. त्या बाईला कोणी काही विचारत नाही. मी विचारायचं म्हटलं तर कसं? मुलाकडच्यांना सांगावं का? आणि नागपुरात या बाबतीत कोणाशी बोलायची सोय आहे?

कडुनिंब :

केमो बंद करा आणि लक्ष्मणफळाची पानं सुरू करा. माझ्या ओळखीत एकाला गुण आला.

ओपीडी नंबर ९ :

कडुनिंब, हात जोडतो, असलं लिहू नका. कोणीतरी खरंच केमो सोडतं.

तर्री, सासूबाईंच्या भीतीपासून सुरू करतो. बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर अनुवंशिक नसतात. साधारण ५ ते १० टक्के केसेसमध्ये बीआरसीएसारखा जनुकीय दोष आई किंवा वडिलांकडून आलेला असतो. तुमच्या जाऊबाई पन्नाशीच्या आतल्या आहेत, म्हणून जनुकीय तपासणीबद्दल त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना जरूर विचारा. तपासणी आधी आईची. तिच्यात दोष सापडला तरच तोच दोष मुलीत आहे का ते बघतात. हे कळून घेणं मुलीच्याच फायद्याचं आहे, झाकून ठेवण्यात कोणाचाच नाही.

गप्प होणं म्हणजे लगेच डिप्रेशन नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, 'आता माझा काय उपयोग' अशी भाषा येत असेल तर वाट बघू नका. मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) आणि मिहानच्या एम्सला मानसोपचार विभाग आहे. मानेवाडा रोडचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याचं एनसीआय कॅन्सर हॉस्पिटल, जिथे उपचार चालू असतील तिथे समुपदेशक आहे का, आधी विचारा, कारण त्यांना केमोचा सगळा क्रम माहीत असतो. घरातून बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट आणि मराठीतही.

एक महत्त्वाचं. पुढे हार्मोनच्या गोळ्यांपैकी टॅमॉक्सिफेन सुरू होणार असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना आधीच सांगा. फ्लुऑक्सेटीन, पॅरॉक्सेटीन अशा डिप्रेशनच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. त्याऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत.

संत्राबर्फी :

मी २०१९ ची. उजवी बाजू. ताईंनी तेलाची बाटली दिली, मी सगळे जुने ब्लाउज बोहारणीला दिले होते. घरचे म्हणाले, बघा किती लवकर सावरली!

'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा. ते ऐकलं की रडणंसुद्धा चोरून करावं लागतं. आणि 'कशा आहात' विचारूच नका, 'बरी आहे' शिवाय काय सांगणार? काहीतरी काम घेऊन शेजारी बसा. माझी बहीण भाजी निवडायला घेऊन यायची. हात चालू असले की तोंड आपोआप सुटतं, समोरासमोर बसलं की नाही सुटत. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हातात सुई नको, बीपीचा पट्टा नको, कापणं-भाजणं सांभाळायचं. एवढं पाळून त्यांना स्वयंपाकघरात येऊ द्या. आरामाच्या नावाखाली तुम्ही त्यांना त्यांच्याच घरात पाहुणी करून टाकलंय.

गादीचं वाचून पोटात कालवलं. आमचे हे पलंगाच्या पार कडेला जाऊन झोपायचे. त्यांना टाक्यांची भीती, मला वाटायचं किळस येते. विचारायचं धाडस दोघांनाही नाही. एकदा ड्रेसिंगच्या वेळी सिस्टरांनी त्यांना आत बोलावलं, "या, बघा, काही होत नाही." ते बघितल्यावर बोलणं सुरू झालं. भासऱ्यांशी तुम्ही नाही, तुमच्या मिस्टरांनी बोलावं. भावाचं भाऊ ऐकेल.

मुलाकडच्यांना सांगायचं का, हे सासूबाई, तुम्ही, आम्ही कोणीच ठरवू नये. आजार ताईंचा, लेक ताईंची. त्यांना विचारा.

एक_नवरा :

गादीबद्दल संत्राबर्फी बरोबर बोलल्यात. आम्हाला औषधं आणणं, रांगेत उभं राहणं जमतं. पुढचं कोणी शिकवलेलं नसतं.

तर्री :

सगळ्यांचे आभार. काल मेथीच्या जुड्या घेऊन ताईंच्या खोलीत बसले. बराच वेळ मेथीच. मग म्हणाल्या, "पोरीला कळलं तर पाहिजे ना, तिलाही तपासावं लागेल का?" म्हणजे इतके दिवस हेच चाललं होतं मनात. आईची तपासणी आधी, हे मी सांगितलं. पुढच्या केमोला डॉक्टरांना त्या स्वतः विचारणार आहेत.

अमरावतीचं मी काढलं नाही, त्यांनीच काढलं. सांगायचं आहे, पण आधी लेकीशी बोलून. सासूबाईंचं काय करायचं ते मात्र माझ्यावर सोडलंय! ह्यांनी भासऱ्यांशी बोलायचं कबूल केलंय, अजून बोलले नाहीत.

साक्षगंधाला विग घालणार नाही म्हणतात, डोक्याला घाम येतो, खाज सुटते. साडीच्याच रंगाचा स्कार्फ बांधतील. पण ब्लाउजचं अडलंय. संत्राबर्फी, आतून खिसा असलेली ब्रा आणि त्यात घालायचं सुती पॅड नागपुरात कुठे मिळेल? आणि त्यावर नीट बसेल असा ब्लाउज शिवणारी, शक्यतो बाईच, महाल किंवा नंदनवनकडे कोणी माहीत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शिवायला महिनाही उरलेला नाही.