मदत हवी आहे : खऱ्या विमानात सिम्युलेटरचं चित्र

नमस्कार. उड्डाण शिकवणाऱ्यांकडून आणि सिम्युलेटरच्या आत शिरून काम करणाऱ्यांकडून मदत हवी आहे.

आयएफआरच्या (बाहेर न बघता उपकरणांवरून उडण्याच्या) सरावात एक जागा रिकामी राहते. जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये हवं तेवढं धुकं आणता येतं, पण खुर्ची जागची हलत नाही, म्हणून आतला कान फसत नाही. खऱ्या विमानात कान फसतो, पण डोक्यावर हूड (बाहेरचं दिसू न देणारं झाकण) असतो. आधी काहीच दिसत नाही आणि २०० फुटांवर हूड काढला की लख्ख धावपट्टी! आधी पुसट दिवे, मग धावपट्टीची कड, आणि तेवढ्यात उतरायचं की वर निघायचं हे ठरवणं, याचा सराव व्हायलाच हवा असं मला फार वाटतं.

म्हणून विमानात ठेवलेल्या स्ट्रॅटक्स रिसीव्हरचा जीपीएस आणि कल (विमान किती झुकलंय ते) वायफायने लॅपटॉपवर घेऊन एक्स-प्लेन या सिम्युलेटरला देतो. त्यातला ‘ओव्हरराइड प्लेनपाथ’ चालू केला की त्याचं भौतिकशास्त्र बंद पडतं आणि आपण देऊ ती जागा, तो कल तो दाखवतो. विद्यार्थी हे चित्र आणि विमानाची स्वतःची उपकरणं बघणार. प्रशिक्षकाची नजर सतत बाहेर, आणि विद्यार्थ्याने निर्णय सांगितला की विमान प्रशिक्षकाच्या हातात. (लॉगबुकात तास धरायचा विचार नाही. अमेरिकेत एफएए ही नियामक संस्था इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (आयएफआर उडायच्या परवान्यासाठी) बेसिक सिम्युलेटर-उपकरणावरचे १० आणि अ‍ॅडव्हान्स्डवरचे २० तासांपर्यंत धरते, पण तेही मान्यता मिळालेल्या संपूर्ण संचावरचे.)

अडचणी : धावपट्टी धक्के देत पुढे सरकते. विमान जमिनीवर उभं असताना चित्रात जमिनीखाली जातं. आणि लांब वळणात चित्रातले पंख हळूहळू सपाट होतात. ही तिसरी मला सर्वांत धोक्याची वाटते.

प्रतिसाद

धक्क्यांचं कारण सरळ आहे. जागा सेकंदाला एकदाच येत असेल आणि वेग १०० नॉट असेल, तर दोन नोंदींमध्ये विमान ५१ मीटर जातं. मधल्या प्रत्येक फ्रेमसाठी जागा वेगावरून पुढे मोजत राहा. नवी नोंद आली की तिथे उडी न मारता फरक थोडाथोडा मुरवा. जमल्यास ५ किंवा १० हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या नोंदी देणारा) जीपीएस लावा.

उंची तपासा. जीडीएल ९० मधली (रिसीव्हर याच स्वरूपात माहिती पाठवतो) भौमितिक उंची डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. जगभरात हा फरक साधारण उणे १०० ते अधिक ८५ मीटर आहे. जिथे तो उणे, तिथे विमान जमिनीत जाणारच. त्या जागेचा जिऑइडचा आकडा (म्हणजे हाच फरक) वजा करा, उणे असेल तर उंची आपोआप वाढेल.

वळणाबद्दल तुमची काळजी रास्त आहे. समतोल वळणात अ‍ॅक्सेलरोमीटरला (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरला) जोर पंखांच्या काटकोनातच जाणवतो, म्हणून फिल्टरला, म्हणजे त्यावरून कल काढणाऱ्या गणिताला, वाटतं पंख सपाट आहेत. वैमानिकाचा कानही नेमका असाच फसतो. वेग आणि दिशाबदलाचा दर यांवरून केंद्राकडचं त्वरण काढा आणि ते वजा करून मगच फिल्टरला द्या. हे नीट होईपर्यंत विद्यार्थ्यासमोर चित्र ठेवू नका. नोंदवलेली उड्डाणं जमिनीवर पुन्हा चालवून तपासा.

धागाकर्ता

मनापासून आभार. वळणांच्या नोंदी आहेत, त्यांवरच आधी तपासतो. जागा पुढे मोजताना विमानाच्या नाकाची दिशा घ्यायची का?

प्रतिसाद

नाही. जागेसाठी जीपीएसचा भूवेग (जमिनीच्या तुलनेतला वेग) आणि ट्रॅक (विमान प्रत्यक्ष ज्या दिशेने सरकतं ती) घ्या, नाहीतर आडव्या वाऱ्यात धावपट्टी बाजूला सरकेल. नाकाची दिशा फक्त चित्र कुठे बघतंय त्यासाठी.