अनुभव धागा: खान्देशात समलिंगी म्हणून राहताना

गिरणाकाठ

समलिंगी लोकांबद्दल मराठीत बोलणं होतं ते पुण्या-मुंबईच्या पदयात्रांचं, नाहीतर सुप्रीम कोर्टाचं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ही माणसं खोली कशी मिळवतात, बँकेच्या फॉर्मवर काय लिहितात, आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि कानबाईच्या सणाला कुठे बसतात, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. काही जणांना मी स्वतः निरोप धाडून लिहायला सांगितलंय. बाकीच्यांनीही लिहा.

अट एकच. प्रेम कसं जुळलं ते नको, खिडकीवर काय झालं ते सांगा. गावाचं, साहेबाचं, दवाखान्याचं नाव घालू नका. आपल्याकडे गल्ली सांगितली की आडनाव आपोआप कळतं.

कायद्याचं एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा नको. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरलेलं नाही. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तो विषय संसदेचा म्हटलं. थोडक्यात, पोलीस आता पकडणार नाहीत, आणि तहसीलदार आपल्याला कुटुंब म्हणून धरणार नाही. या दोन्हींच्या मधे रोज जे घडतं ते मला हवंय.

सातपुड्यातला मास्तर

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, धडगावच्या बाजूला पाड्यावर. तोही शिक्षक, आमच्याच जिल्ह्यात, पण नवापूरकडे. मधे अख्खा जिल्हा.

बदल्यांचा हंगाम आला की आमच्यात संवर्गाशिवाय दुसरं बोलणं नसतं. आजारी, दिव्यांग, विधवा यांचा संवर्ग एक. संवर्ग दोन म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरण. माझ्याबरोबर लागलेल्या एका सरांची बायकोही शिक्षिका. पोर्टलवर अर्ज भरला, दोघं जवळजवळच्या शाळांवर आले. पेढे मीच वाटले. माझ्या अर्जावर वैवाहिक स्थिती ‘अविवाहित’, त्यामुळे पोर्टलच्या लेखी मला कोणाजवळ जायचंच नाही.

आम्ही भेटतो ते शनिवारी शाळा सुटल्यावर. मी जीप पकडून खाली उतरतो, शहाद्याला एसटी बदलतो. पावसाळ्यात घाटात दरड आली की तो आठवडा गेला. एक ज्येष्ठ सर फार कळवळ्याने सांगतात, “एखादी मास्तरीण बघ ना भो, दोघं सपाटीवर याल.” त्यांना काय सांगणार?

आणखी एक. अविवाहित माणूस म्हणजे सगळ्यांच्या हक्काचा. निवडणुकीची ड्यूटी, सर्वेक्षण, दिवाळीच्या सुट्टीतलं प्रशिक्षण, सगळ्यात पहिलं नाव माझं. “तुला काय, मागे ना पुढे.” तिकडे नवापूरला एक जण माझी वाट बघत भाकरी करून बसलेला असतो. मला सवलत नकोय. जी अडचण नवरा-बायकोची म्हणून सरकारला कळते, ती आमची असली की का कळत नाही, एवढंच.

केळीवाला

रावेर तालुका. केळीची बाग आहे, बहुतेक वडिलोपार्जित, थोडी मी घेतलेली. माझा जोडीदार बऱ्हाणपूरकडचा. शिकलेला आहे, ठिबकचं वेळापत्रक, खतांचा हिशोब, कापणीच्या टोळ्या, व्यापाऱ्याशी भाव, सगळं त्याच्याकडे. करपा आला तर पान बघून तो सांगतो, कृषी सहाय्यक नंतर.

गावाने त्याची जागा केव्हाच ठरवून टाकली: सालदार. आमच्याकडे सालदारांचं साल आखाजी ते आखाजी. त्या दिवशी पारावर सगळे सौदे होतात, कोण कोणाकडे राहणार, किती पैसे, किती धान्य. दर आखाजीला कोणीतरी मला गाठतंच. मागच्या खेपेला एका मोठ्या बागाईतदाराने सगळ्यांसमोर विचारलं, “याले किती देतो रे? मी दहा हजार जास्त देतो, मले दे.” आम्ही घरी येऊन हसलो. तो म्हणाला, दहा हजार म्हणजे वाईट भाव नाही, विचार कर.

पण एकदा निंदणीच्या वेळी त्याला साप चावला. मोटारसायकलवर मधे बसवून, मागे एक पोरगं धरायला, असं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? मित्र म्हटलं तर म्हणाल्या, नातेवाईक बोलवा. त्याचा भाऊ फोन उचलेना. पाय सुजत चाललेला. मी म्हटलं, मी मालक, हा माझ्या शेतावर कामाला आहे. लगेच कागद पुढे आला. “मालक का? मग करा सही.” त्या कागदावर माझी सही आहे आणि पुढे लिहिलंय, मालक. तो वाचला. डॉक्टरांनी लस वेळेवर दिली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्याबरोबर जेवतो-झोपतो त्याचा जीव वाचवायला मला त्याचा धनी व्हावं लागलं, हे अजून गळ्याखाली उतरत नाही.

त्यानंतर मी तालुक्याच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी न लाजता, न हसता समजावलं. मृत्युपत्र नसेल तर माझ्या मागे सगळं भावांकडे आणि पुतण्यांकडे जाणार, जोडीदाराला बांधावर उभं राहायचाही हक्क नाही. स्वकष्टाची जमीन पूर्ण आणि वडिलोपार्जितमधला स्वतःचा हिस्सा, एवढं मृत्युपत्राने देता येतं. साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला द्यायचं तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊबंदांची गाठ असेल तर करून ठेवा म्हणाले. केली. साक्षीदार मिळवायला मात्र फार फिरलो. शेवटी माझा शाळेतला एक मित्र आणि ठिबकचा दुकानदार उभे राहिले. दुकानदार सही करताना म्हणाला, “मले माहीतच होतं.”

पांझरा

आम्ही दोघी, धुळे, देवपूरकडे. पुरुषांचं बरं आहे, दोन पोरं मिळून खोली घेतात, कोणी विचारत नाही. दोन बाया म्हटल्या की घरमालकांचे प्रश्न सुरू. वडील काय करतात, भाऊ कोण येणार-जाणार, रात्री किती वाजता घरात. अकरा महिन्यांच्या करारावर दोघींच्या वडिलांचे फोन नंबर लिहून घेतले. दोघी तिशीच्या पुढच्या, नोकरीच्या!

घरमालकीण काकू पहिले काही महिने आम्हाला स्थळं आणत होत्या, दोघींना वेगवेगळी. एकदा त्या वर आल्या, एकच पलंग बघितला, चहा घेतला, शेवभाजीचा मसाला कुठून आणता विचारलं आणि गेल्या. स्थळं थांबली. दुधाचा रतीब दोन नावांवर होता, तो त्यांनीच दूधवाल्याला सांगून एक केला. कळलं असावं, नसावं. विचारायची आमची हिंमत नाही. करार दोनदा वाढवून मिळाला आहे.

बँकेत जॉइंट खातं उघडायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा अडकला.

“बहिणी?”
“नाही.”
“मग नणंद-भावजय?”
“नाही.”
“एकाच ऑफिसात?”
“तेही नाही.”

मागची रांग कान टवकारून ऐकत होती. मी अर्थ मंत्रालयाचं २८ ऑगस्ट २०२४ चं पत्रक मोबाइलवर दाखवलं. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मॅनेजरबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, अहो, यासाठी पत्रकाची तरी काय गरज, कोणीही दोघं खातं उघडू शकतात. बरोबर आहे त्यांचं. पण आधी मुलाने काउंटरवर जे विचारलं ते पत्रकाशिवाय थांबत नव्हतं. एक लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे हातात मिळतील, पण कायदेशीर वारस त्यावर दावा लावू शकतात. वर केळीवाल्या दादांनी सांगितलंय तेच, मृत्युपत्र करा.

खान्देशी माणूस

माफ करा, पण हे सगळं शहरातून आलेलं आहे. आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या काळात असलं नव्हतं. तृतीयपंथी होते, आहेत, त्यांना आपण मान देतो. भादलीत तर निवडूनही दिलं.

गिरणाकाठ

दादा, माफी कशाला. पण दोन गोष्टींची गल्लत झाली. भादली बुद्रुकच्या अंजली पाटील २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत निवडून आल्या, त्या तृतीयपंथी म्हणून. महिला जागेवरचा त्यांचा अर्ज आधी फेटाळला होता, औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला. २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून शमिभा पाटीलही उभ्या होत्या. ती लढाई आपण कोण आहोत हे सांगण्याची आहे. या धाग्यातली माणसं बाई ती बाई, पुरुष तो पुरुषच. संसार कोणाबरोबर, एवढाच प्रश्न.

आणि आजोबांच्या काळाचं म्हणाल, तर तुमच्या भाऊबंदकीत लग्न न केलेला एखादा काका आणि त्याच्याकडे कायम मुक्कामाला असलेला त्याचा दोस्त, जरा आठवून बघा. माझ्याकडे होते. वाड्यात त्यांची खोली माडीवर, वेगळी.

हॉस्टेलवाला

थोडक्यात लिहितो, परीक्षा आहे. हॉस्टेलला माझी चाल, बोलणं यांची रोज नक्कल. ताट घेऊन बसलो की आख्खा बाक टाळ्या वाजवायचा. रेक्टर सर म्हणाले, पोरं आहेत, मस्करी करणारच. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने लैंगिक कल सरळ घातलेला आहे, त्यावरून छळ म्हणजे रॅगिंग. मी तो नियम छापून नेला. सरांनी चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला. मग विचारलं, “पण तू आहेस का तसा?” मी म्हटलं, सर, नियमात ते विचारायचं लिहिलेलं नाही. टाळ्या बंद झाल्या. आता बाकावर कोणी बसतच नाही, तेही आहे.

आंडोरनी माय

मी सांगते आहे, मुलगी लिहून देते आहे. अमळनेरकडचे आम्ही. माझ्या आंडोरने, म्हणजे मुलाने, लग्नाला नाही म्हटलं आणि का ते सांगितलं, तेव्हा धाकटे दीर म्हणाले डॉक्टरला दाखवा, गोळ्यांनी फरक पडतो. गेलो. डॉक्टरीणबाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, मावशी, हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढलाय. आणि बदलून देतो म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरवर २०२२ पासून गैरवर्तनाचा ठपका येतो. फी घेतली नाही. दीर बाहेर बसले होते, त्यांना मी सांगितलं, रिपोर्ट चांगला आला.

माझी अडचण वेगळी आहे. कानबाईची. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, सगळी भाऊबंदकी येते, रविवारी बसते आणि सोमवारी नदीवर जाते. आमच्यात रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यासाठी, घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि रोट कुळाबाहेर द्यायचे नाहीत. लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांनाही नाही. मुलाचा जोडीदार मांडव बांधतो, केळीचे खांब आणतो, बायांना गव्हाच्या पाट्या उचलून देतो. मग रोट त्याला द्यायचा का?

मी जाऊबाईंना विचारलं. त्या सगळ्यांत मोठ्या, ऐंशीच्या घरातल्या. मला वाटलं चिडतील. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाल्या, “आपन जवाईले देतस नही, वहूले देतस. हाऊ कोन शे, ते पहिले ठरावा.” बाया हसून हसून पडल्या, पण जाऊबाई हसल्या नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने नियमाचा प्रश्न होता. अजून ठरलेलं नाही. मूठ त्याच्या नावाने घेतलेली नाही. विसर्जनाला तो सगळ्यांच्या पुढे नाचतो, आणि मग रोट सोडून बाकीचं जेवतो. पोरगा म्हणतो, आई, कोर्टातही हेच चाललंय.

पॅसेंजर

नंदुरबारहून आम्ही दोघी सुरतला गेलो, सकाळच्या गाडीने. माझ्या घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली. पोलीस ठाण्यात परत बोलावलं तेव्हा दोघींनी आधार आणि दहावीची मार्कशीट पुढे ठेवली, दोघी सज्ञान. महिला अंमलदार चांगल्या होत्या, जबाब एकट्यात घेतला. मोठे साहेब मात्र दोन तास समजावत बसले. आईवडिलांचा विचार करा, समुपदेशन करून घ्या. बरोबर आलेल्या वकीलबाईंनी सांगितलं की सुप्रीम कोर्टाने ११ मार्च २०२४ ला यावरच मार्गदर्शक सूचना दिल्यात: अशा प्रकरणात कोर्टांनीसुद्धा मन वळवायला समुपदेशनाला पाठवायचं नाही. मग साहेबांनी जबाबाखाली शिक्का मारला. ज्या कुणाला जायचं असेल, मार्कशीट मूळ घेऊन जा. घरात राहिली की ती परत मिळत नाही. माझ्या मैत्रिणीची बँकेची पासबुकं अजून तिच्या भावाकडे आहेत.

केळीवाला

पांझरा ताई, रेशनकार्डाचं काही झालं का? केंद्राने राज्यांना कळवलंय म्हणतात, जोडीदारांना एकाच घरातले धरा.

पांझरा

हो, २०२४ मध्ये कळवलं आहे. पुरवठा शाखेत प्रत घेऊन गेले. तिथले बाबू म्हणाले, केंद्राचं ठीक आहे, राज्याचा जीआर दाखवा. मी म्हटलं, अर्ज तरी घ्या. घेतला. पोच मागितली तर शिक्का सापडेना, मग टेबलाखालून निघाला. पोच माझ्याकडे आहे. पुढच्या सोमवारी परत बोलावलंय.